ज्यांनी बांधलं त्यांनीच बुजवलं : स्कॉटलंडमधल्या दगडी भुयारांची केस

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डंडी नावाचं शहर आहे, त्याच्या आसपासच्या अँगस आणि पर्थशर या भागात शेतांच्या खाली दगडी भुयारं आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यातली बरीचशी इसवी सन 200 च्या आगेमागे बंद झाली, आणि जिथे नीट उत्खनन झालंय तिथे दिसतं ते असं की वापरणाऱ्या लोकांनीच छत काढून घेतलं आणि आत माती भरून टाकली. शत्रूने पाडली नाहीत, भूकंप नाही, पूर नाही. आपल्याच हाताने एवढं मोठं बांधकाम का बुजवतं कोणी, हा या केसचा प्रश्न आहे.

ही केस मी मुळात आमच्या ठाण्याच्या ग्रुपसाठी लिहायला घेतली. आम्ही सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांवर जातो, थोडंफार श्रमदान करतो, आणि जिल्ह्यातल्याच एका किल्ल्यावर मातीने भरलेलं एक दगडी तोंड आहे, गावातले लोक त्याला भुयार म्हणतात, तर ते "एका रविवारात मोकळं करून टाकू" असा प्लॅन ठरत होता, फावडी घमेली कोण आणणार इथपर्यंत बोलणं झालं होतं. मी नवी मुंबईत साइट इंजिनिअर आहे, खोदाई आणि भराव हेच रोजचं काम, त्यामुळे माती या विषयावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं काका, थांबा जरा, आधी ही स्कॉटलंडची गोष्ट ऐका मग ठरवू.

सापडली कशी

आर्डेस्टी म्हणून एक जागा आहे, डंडीच्या पूर्वेला, मोनिफीथ गावाजवळ. 1949 साली शेत नांगरताना नांगर दगडाला अडकला आणि खाली भुयार निघालं. जवळच कार्लुंगी नावाची दुसरी जागा आहे तिथेही त्याच वर्षी नांगरणीतच सापडलं. दोन्हीचं उत्खनन एफ. टी. वेनराइट या अभ्यासकाने केलं. आर्डेस्टीचं भुयार साधारण 24 मीटर लांब, कार्लुंगीचं चाळीस मीटरच्या वर, आणि पिटकर म्हणून आणखी एक आहे ते तर पन्नासच्याही वर जातं. टीलिंगचं 1871 पासून माहीत आहे, त्याच्या भिंतीत त्याहून कितीतरी जुना, वाटीसारखे खड्डे आणि त्याभोवती गोल कोरलेला एक दगड बसवलेला आहे, म्हणजे बांधणाऱ्यांच्या काळात तो दगड आधीच पुरातन होता आणि तरी त्यांनी तो उचलून भिंतीत लावला. मुद्दाम की दगड चांगला होता म्हणून, ते सांगता येणार नाही.

पुढे विमानातून काढलेल्या फोटोंमुळे अशा जागा भराभर वाढल्या. कोरड्या उन्हाळ्यात पुरलेल्या खड्ड्यावरचं पीक जास्त दिवस हिरवं राहतं कारण खाली माती खोल असते आणि ओल धरून ठेवते, मग वरून बघितलं की शेतात केळ्याच्या आकाराचे गडद पट्टे दिसतात. हे पट्टे दिसतात याचाच अर्थ ते खड्डे मातीने भरलेले आहेत, पोकळ नाहीत, हे लक्षात ठेवा.

बांधकाम

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बांधकाम कळलं की वापर अर्धा कळतो.

आधी उघडा चर खोदलाय. डोंगरात पोखरत नेलेला बोगदा नाही हा. वरून खोदायचं, दोन्ही बाजूंनी दगडाच्या भिंती उचलायच्या, चुना नाही, मातीचा गारा नाही, नुसता दगडावर दगड, आणि भिंती जसजशा वर जातात तसतशा आतल्या बाजूला झुकवत नेलेल्या, म्हणजे वर छताचा गाळा कमी होतो आणि लाद्या लहान लागतात. हे करताना भिंतीच्या पाठीमागचा भराव बरोबर बरोबर चढवत न्यावा लागतो. नाहीतर कलती भिंत आत येते, साइटवर एखादा मुकादम घाई करून भिंत आधी आणि भराव नंतर असं करायला गेला की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला हे सांगायला नको. म्हणजे या लोकांना क्रम माहीत होता, हे पहिलंच बांधकाम नव्हतं त्यांचं.

चर सरळ नाही, वळणदार आहे. एका टोकाला निमुळता, पुढे रुंद होत गेलेला, रुंदी बऱ्याच ठिकाणी दोन मीटरच्या आसपास, आत माणूस उभा राहू शकतो. आर्डेस्टीला फरशीखाली दगडाची झाकलेली गटार आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला तासभर लपायचंय तो फरशीखाली गटार काढत बसत नाही. गटार काढतो तो, ज्याला आतली जागा वर्षानुवर्षं कोरडी ठेवायचीय.

आणि आणखी एक. या भागातली अनेक भुयारं पूर्ण जमिनीत गडप नव्हतीच, चर उथळ असायचा आणि छत जमिनीच्या वर उंचवट्यासारखं दिसत असणार. पर्थशरमध्ये बँकफूटजवळ न्यूमिल नावाची जागा आहे, 1970 च्या दशकात ए-9 हा रस्ता सुधारायच्या आधी ट्रेव्हर वॉटकिन्स यांनी तिथे उत्खनन केलं, तिथे एक मोठं गोल लाकडी घर आणि त्या घराला लागून भुयार असा जोड मिळाला. छत तिथे दगडी लाद्यांचं नसून लाकडाचं असावं असं वाचन आहे. म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्याला घर दिसणार, घराशेजारचा लांबलचक उंचवटा दिसणार, आणि त्यात काय आहे ते गावाला माहीत असणार. लपायची जागा अशी चव्हाट्यावर कोण ठेवेल.

मग आत काय होतं

भुयार म्हटलं की आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं, पळून जायची वाट. बेलापूरच्या किल्ल्याचंच घ्या, तिथलं भुयार थेट घारापुरीला निघतं असं लोक सांगतात. आज बुलेट ट्रेनसाठी बीकेसी ते शिळफाटा पट्ट्यात ठाणे खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदा करायचा तर केवढी मशिनरी आणि केवढा पैसा लागतोय ते आपण बघतोय, आणि खाडीचा चिखल काय चीज आहे ते ज्याने इथे एक तरी पाइल मारलीय त्याला ठाऊक आहे. तेव्हा पंप नव्हते. ठाण्याच्या किल्ल्यातून, म्हणजे आज जिथे जेल आहे तिथून, त्र्यंबकजी डेंगळे 1816 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले ही खरी घडलेली सुटका आहे आणि ती भिंतीला पाडलेल्या भोकातून, बाहेर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा नोकर, गाण्यातून निरोप देत होता अशी हकीकत सांगतात. भुयाराचा काही संबंध नाही. मला लोककथांबद्दल आदर आहे, त्या जपल्या पाहिजेत, पण त्यावरून खोदाई ठरवू नये एवढंच.

अँगसच्या भुयारांबद्दल तिकडेही हेच झालं, आधी लोक म्हणाले यात माणसं राहत, मग लपत, मग काही अभ्यासकांना ती गटार बघून गोठा वाटला. आज बहुतेकांचा कल साठवणीकडे आहे. धान्य, आणि कदाचित दूधदुभत्याचे पदार्थ, मांस, कारण जमिनीखाली तापमान उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गोठणार नाही इतपत राहतं.

साठवण म्हटल्यावर आमच्या ग्रुपमधल्या सोलापूरकडच्या एका ताईंनी लगेच विचारलं, "म्हणजे आपलं पेवच की हो?" आणि प्रश्न एकदम नेमका होता. पेवात ज्वारी ठेवतात, जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा किंवा भुसा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंड लिंपून पक्कं बंद करायचं. हवा आत जात नाही, धान्य स्वतःच श्वास घेऊन ऑक्सिजन संपवतं, कार्बन डायॉक्साइड साठतो, मग किडाही जगत नाही आणि धान्यही उगवत नाही. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही, हवा खेळू देतात, आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबायचं. ज्यांनी हे पाळलं नाही त्यांचे जीव गेलेत. इंग्लंडमध्ये पीटर रेनॉल्ड्स यांनी बटसर इथल्या प्रायोगिक शेतावर लोहयुगातल्या खड्ड्यांसारखे खड्डे करून धान्य ठेवून बघितलं तेव्हा हेच निघालं, कडेचा पातळ थर ओलीने उगवतो, सडतो, पण त्यातच ऑक्सिजन संपतो आणि मधलं धान्य टिकतं.

पण अँगसचं भुयार पेव नाही, फरक मोठा आहे. पेव एकदा बंद केलं की गरज पडेपर्यंत उघडायचं नाही, उघडलं तर सगळं एकदम काढायचं. भुयाराला दार आहे, कार्लुंगीला तर एकापेक्षा जास्त वाटा आहेत, माणूस चालत आत जाऊ शकतो, रोज थोडं काढू शकतो. म्हणजे मोकळं धान्य ढिगाने ओतलेलं नसणार, टोपल्या, कातडी पिशव्या, लाकडी पिंपं, अशा कशात तरी असणार, आणि आत कोणीतरी जाऊन येऊन हिशोब ठेवत असणार. पेव हे घराची बचत आहे. भुयार हे गोदाम आहे, देवाणघेवाण चालू असलेलं गोदाम.

किती माल मावेल याचा मी ढोबळ हिशोब केला, हा माझा हिशोब आहे, कुठल्या अहवालातला नाही. आर्डेस्टीएवढी लांबी धरली, रुंदी सरासरी 1.8 मीटर आणि उंची 1.6 धरली तर जवळपास 70 घनमीटर पोकळी. ये-जा करायला निम्मी जागा सोडली तरी 35 घनमीटर, आणि तिथलं मुख्य धान्य सातू, त्याचं एका घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास वजन धरा, म्हणजे वीस टन. एका माणसाला वर्षाला दोनशे किलो धान्य लागतं असं धरलं तर शंभर माणसांचं वर्षाचं खाणं. आर्डेस्टीला भुयारालगत मोजकी घरं मिळालीत. चारपाच घरांना एवढं गोदाम कशाला लागतं?

बाहेरचं गिऱ्हाईक

तर इथे रोमन येतात. ॲग्रिकोला या सेनापतीच्या मोहिमा इसवी सन 80 च्या आसपास या भागापर्यंत पोचल्या, टे नदीकाठी इंचटुथिल इथे एका अख्ख्या लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा, तळ बांधायला घेतला. ते तीनचार वर्षांत सोडून गेले. मग 142 च्या सुमारास पुन्हा आले, क्लाइड ते फोर्थ या दोन खाड्यांच्या मध्ये अँटोनाइन भिंत बांधली, वीसेक वर्षांत तीही सोडली. मग 208 मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस स्वतः मोठं सैन्य घेऊन आला, 211 मध्ये यॉर्कला वारला, त्याच्या मुलांनी मोहीम गुंडाळली. या मधल्या काळात उत्तरेकडच्या सरदारांना रोमन चांदी दिली जायची, स्कॉटलंडच्या उत्तरेला बर्नी इथे अशा चांदीच्या नाण्यांचे दोन साठे मिळालेत, प्रत्येकी तीनशेच्या वर नाणी. काही भुयारांमध्ये आणि आसपास रोमन भांड्यांचे तुकडेही मिळतात.

सैन्य खातं. घोडे त्याहून जास्त खातात. तेव्हा ज्यांच्याकडे जास्तीचं धान्य साठवायची सोय होती त्यांची चलती झाली असणार, आणि घराशेजारचा तो लांब उंचवटा ही त्या घराची पत झाली असणार. मी असणार म्हणतोय कारण पावती कुठे मिळालेली नाही. पण गोदामाचा आकार घरांच्या गरजेपेक्षा फार मोठा आहे ही गोष्ट मला डोळ्याआड करता येत नाही.

एक धोका मात्र आहे, सगळं रोमनांच्या नावावर टाकायचं नाही. भुयारं बांधायची पद्धत रोमन येण्याआधीपासून होती, आणि रोमन जिथे कधी पोचलेच नाहीत अशा भागातही ती आहेत. बाजाराने ती मोठी केली असतील. जन्माला घातली नाहीत.

माती काय बोलते

हा केसचा गाभा आहे आणि याच्यासाठीच मी ग्रुपला थांबवलं.

एखादा खड्डा सोडून दिला आणि तो आपोआप भरला तर आत काय दिसतं? आपल्याकडे कुठल्याही बंद पडलेल्या साइटवर जाऊन बघा. फुटिंगचा, म्हणजे पायाचा, खड्डा दोनतीन पावसाळे तसाच पडला की पहिल्या पावसाला काठ ढासळतो, तळाशी कडेला मुरमाचे ढेकळं पडतात, मग पाणी साचतं, त्यातला गाळ खाली बसतो, बारीक, गुळगुळीत, पापुद्रा सुटेल असा. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात. पुढच्या पावसात त्या भेगांत नवा गाळ शिरतो आणि वर दुसरा थर. मध्ये पालापाचोळ्याची काळी रेघ. बाजूने कापलं की थर थर स्पष्ट दिसतात, कडेला जाड आणि मधे खोलगट.

आणि आपण टिपर लावून भराव टाकतो तेव्हा? सगळं मिसळलेलं. मुरूम, काळी माती, विटेचे तुकडे, कोणाची फुटलेली चप्पल, सगळं एकाच उंचीवर, आणि खेपा टाकल्याचे तिरके उतार. थर नाहीत, रेघा नाहीत, गाळ नाही. मधे पावसाळा गेलाच नाही हे माती स्वतः सांगते.

न्यूमिल आणि त्याच्यासारख्या ठिकाणी नेमकं हे दुसऱ्या प्रकारचं चित्र मिळालं, एका दमात टाकलेला भराव. छत कोसळून त्याच्या लाद्या खाली पडल्या आणि वर माती साचली असं नाही, छत आधी काढलंय, मग भरलंय. आणि हे बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या शतकाच्या शेवटी किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला.

काम किती असेल ते बघा. माझ्या हिशोबातली ती 70 घनमीटरची पोकळी म्हणजे आपल्या भाषेत पंचवीस ब्रास माल (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). आज सहासात हायवा टिपर आणि अर्ध्या दिवसाचं काम, पण टोपलीने आणि हाताने करायचं तर अख्खी वस्ती कित्येक दिवस राबली असणार, शेतीची कामं सांभाळून. जी गोष्ट नुसती सोडून दिली तरी चाललं असतं तिच्यावर एवढी मेहनत.

तीन उत्तरं

इयन आर्मिट या पुरातत्त्वज्ञांनी 1999 साली हा सगळा पुरावा एकत्र मांडून बघितला आणि तीन शक्यता समोर ठेवल्या. एक, हळूहळू बदल, म्हणजे साठवायची पद्धत बदलली, जमिनीवरची कोठारं आली, भुयारं जुनी झाली. दोन, अरिष्ट, म्हणजे सेव्हेरसच्या मोहिमेत सगळं उद्ध्वस्त झालं. तीन, विस्कळीत होणं, म्हणजे ज्या व्यवस्थेवर हे मोठं साठवण उभं होतं ती व्यवस्थाच निखळली.

पहिलं मला पटत नाही. हळूहळू बदल झाला असता तर काही भुयारं बुजली, काही नुसती पडली, काहींचा कोंबडी ठेवायला, सरपण ठेवायला वापर झाला, असं वेगवेगळं दिसलं असतं आणि काळही पसरट दिसला असता. आपल्याकडे बैलं गेली तरी गोठा लगेच कोण पाडतो, त्यात मोटरसायकल लागते.

दुसरं ऐकायला सगळ्यात जोरदार आहे आणि ग्रुपमधल्या तरुण पोरांना तेच आवडलं. सेव्हेरसने या भागात भयंकर नासधूस केली हे खरं आहे, रोमन लेखकांनीच ते लिहून ठेवलंय. पण हल्ला करणारा सैनिक भुयार लुटेल, जाळेल, पुढे जाईल. तो छताचं लाकूड नीट उतरवून बाजूला ठेवून, पंचवीस ब्रास माती टोपलीने भरत बसणार नाही. शिवाय कार्बन डेटिंगची तारीख त्या काळासाठी पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्यात येते, त्यावरून सगळी भुयारं एकाच वर्षी, एकाच मोहिमेत बंद झाली असं म्हणताच येत नाही.

मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. रोमनांची चांदी कधी आली, कधी थांबली, सैन्य आलं, गेलं, परत आलं, या सगळ्यात ज्या घरांची पत त्या गोदामावर उभी होती त्यांची पत गेली किंवा त्यांच्यावर दुसरा कोणीतरी मोठा बसला ज्याला गावोगावची स्वतंत्र गोदामं नको होती. अशा वेळी भुयार बंद करणं हा सगळ्यांना दिसेल असा निर्णय असतो. छत वर दिसत होतं ना, मग ते उतरवलेलंही सगळ्यांना दिसणार.

पण भरलं कशाला हा प्रश्न तरी उरतोच, आणि त्यावर मला साइटवरचं उत्तर आधी सुचतं. लाकूड किंवा मोठ्या लाद्या म्हणजे पैसा, ते काढून घेणार. काढलं की घराला लागून उघडा चर राहिला, त्यात पोर पडणार, गुरं पडणार, पावसात भिंती आत येणार, शेजारच्या घराचा पाया सुटणार. भरावाच लागतो. एवढं साधं असू शकतं. आणि तरी मला वाटतं एवढंच नसावं, कारण आपल्याकडेही जुनी विहीर बुजवायची वेळ आली की कितीही घाईतला बिल्डर असो, गावठाणातली माणसं आधी नारळ फोडायला लावतात, हळदकुंकू वाहतात, मग पहिलं घमेलं पडतं. ज्याने पिढ्यानपिढ्या पोसलं ते बंद करताना माणूस नुसतं काम म्हणून करत नाही. अँगसच्या लोकांनी काय केलं त्याचा मंत्र मातीत उरत नाही पण कधी कधी वस्तू उरतात, आणि त्या कुठल्या थरात, कुठल्या बाजूला ठेवल्यात यावरूनच कळू शकतं की त्या टाकल्या की वाहिल्या.

इंचटुथिलचा उल्लेख वर केला, तिथली गोष्ट इथे सांगायलाच हवी. रोमन तो तळ सोडून गेले तेव्हा त्यांनी इमारती उतरवल्या, आणि जवळपास साडेआठ लाखांहून जास्त लोखंडी खिळे, काही टन वजनाचे, एका खोल खड्ड्यात पुरून वर स्वच्छ माती घातली. स्थानिक लोकांच्या हाती लोखंड पडू नये म्हणून असावं. 1960 च्या आसपास इयन रिचमंड यांच्या उत्खननात ते मिळाले. बाहेरच्या थरातले खिळे गंजून एकत्र झाले होते आणि त्या गंजाच्या कवचामुळे आतले चांगले राहिले. तो खड्डा कोणी उगाच "साफ" केला असता तर आपल्याला फक्त भंगार दिसलं असतं, निर्णय दिसला नसता.

जाता जाता आयर्लंडबद्दल एक सांगतो कारण कोणीतरी विचारणारच. तिथेही दगडी भुयारं आहेत, हजारोंनी, पण ती बहुतेक नंतरची, आठव्या ते बाराव्या शतकाच्या आसपासची, आणि त्यात मुद्दाम रांगत जावं लागेल अशी अरुंद भोकं, वरखाली सरकवाटा, आत शिरणाऱ्याला आतला माणूस सहज अडवू शकेल अशी रचना. तिथे लपणं हे उत्तर बरोबर आहे, गुलाम पकडायला टोळ्या यायच्या. म्हणजे भुयार दिसलं की एकच उत्तर सगळीकडे लावता येत नाही. रुंदी बघा, दार बघा, गटार बघा, आणि आत माती कशी आली ते बघा.

मग किल्ल्यावर काय ठरलं

ग्रुपमध्ये चर्चा बरीच लांबली. एका काकांचं म्हणणं, "अरे पण लोकांना बघायला मिळायला नको का, नुसती माती बघून पोरांना काय कळणार?" आणि त्यात तथ्य आहे, माणसं किल्ल्याशी जोडली गेली पाहिजेत, श्रमदानाने कितीतरी टाकी आणि पायऱ्या मोकळ्या झाल्यात आणि लोक पाणी प्यायला लागलेत हे मी स्वतः बघितलंय. पण टाक्यातला गेल्या वीस वर्षांचा गाळ आणि दगडी तोंडातला जुना भराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला काढला तर पाणी मिळतं. दुसरा काढला तर त्या जागेबद्दलचा एकमेव साक्षीदार घमेल्यातून दरीत जातो आणि परत कधीच आणता येत नाही. शिवाय कायदाही आहे, महाराष्ट्राचा 1960 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि केंद्राचा 1958 चा, संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदाई करता येत नाही. आणि बंद पोकळीत खराब हवा असू शकते, पेवाचं उदाहरण वर दिलंच आहे.

शेवटी ठरलं ते असं. तोंडाशी वाढलेली झुडपं कापायची, मुळं उपटायची नाहीत कारण मुळं दगड धरून असतात. तोंडाची मापं घ्यायची, पट्टी ठेवून फोटो काढायचे, उत्तर कुठे ते दाखवायचं. भरावाचा जो भाग आधीच पावसाने कापला गेलाय तो ब्रशने हलका साफ करून त्याचा फोटो, त्याला फावडं लावायचं नाही. हे सगळं एका फाइलमध्ये घालून पुरातत्त्व विभागाला अर्जासोबत द्यायचं. गावातल्या दोन आजोबांकडून त्या जागेबद्दल काय ऐकलंय ते रेकॉर्ड करायचं, त्यात भुयार कुठे निघतं तेही आलं तरी चालेल, लिहून घ्यायचं.

झुडपं, मापं आणि फोटो झालेत. कापलेल्या भागात मला तळाशी बारीक गाळाचे दोन थर आणि त्याच्यावर एकदम मिसळलेला दगडमातीचा भराव दिसतोय, म्हणजे ते तोंड काही काळ उघडं पडलं होतं आणि मग कोणीतरी भरलं असं माझं पहिलं वाचन आहे, बाकी काही बोलायला तेवढा पुरावा नाही. तोंडाच्या दगडाची आणि खालच्या बाजूला दिसणाऱ्या मोरीची पातळी जुळते का ते बघायचं राहिलंय, जुळली तर ही पाण्याची वाट असायची शक्यता वाढते. ठाणे, कळवा, ऐरोली साइडला कोणाकडे ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि तिची स्टाफ म्हणजे मापपट्टी एका रविवारपुरता मिळण्यासारखा असेल तर कळवा, पावसाच्या आधी हे काम उरकायचंय.